१२१ सामने हरलोय, घरचे चार उरलेत. फाशांनी खेळू की कॉम्प्युटरवर उरकू?

नदीपल्याड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय बेसबॉलचा आहे, पण बेसबॉल न पाहिलेल्यांनीही मत द्यावं म्हणून जरा विस्ताराने लिहितोय.

गेली अडीच वर्षं आम्ही कॉलेजचे पाच मित्र स्ट्रॅट-ओ-मॅटिकवर एक लीग खेळतोय. हा पत्त्यांचा आणि फाशांचा बेसबॉल आहे. हॅल रिचमन नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने वयाच्या अकराव्या वर्षी तो रचायला घेतला आणि १९६१ मध्ये विकायला काढला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असतं, त्यावर तीन रकाने. आपण तीन फासे टाकायचे. पहिल्या फाशावर १, २ किंवा ३ आला की बॅटरचं कार्ड बघायचं, ४, ५ किंवा ६ आला की पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं). बाकी दोन फाशांची बेरीज म्हणजे रकान्यातली ओळ. तिथे लिहिलेलं असतं सिंगल, स्ट्राइकआउट, होमरन, जे काय असेल ते. काही ओळींत निकाल फुटलेला असतो, तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. कार्डावरचे आकडे त्या खेळाडूच्या त्या वर्षाच्या खऱ्या कामगिरीवरून काढलेले असतात. चांगल्याचं कार्ड चांगलं, वाईटाचं वाईट.

आम्ही २००३ चा मोसम घेतला, अमेरिकन लीगचा सेंट्रल विभाग. पाच माणसं, पाच संघ. चिठ्ठ्या टाकल्या आणि मला डेट्रॉइट टायगर्स आले. विभागातल्या प्रत्येकाशी १९ सामने, म्हणजे ७६ सामने आम्ही व्हिडिओ कॉलवर फाशांनी खेळतो. उरलेले ८६ कॉम्प्युटरवर.

२००३ चे टायगर्स म्हणजे काय चीज होती ते सांगतो. पहिल्या २८ सामन्यांत ३ विजय. वर्षभरात ५९१ धावा केल्या, ९२८ दिल्या. माइक मॅरॉथ ९ जिंकला आणि २१ हरला. १९८० नंतर वीस सामने हरणारा तो पहिला पिचर. जेरेमी बॉन्डरमन वीस वर्षांचं पोर, ६ जिंकले, १९ हरले. विसावा पराभव नावावर लागू नये म्हणून त्याला सप्टेंबरमध्ये सुरुवातीच्या पिचरांतून काढून घेतलं होतं. मोसमाअखेर संघ ४३-११९, म्हणजे ४३ विजय, ११९ पराभव. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा आधुनिक विक्रम एका सामन्याने वाचला.

माझे टायगर्स आज ३७-१२१ आहेत. विक्रम केव्हाच मोडला. चार सामने उरलेत, चारही घरच्या मैदानावर, मिनेसोटा ट्विन्सशी. ट्विन्सनी विभाग जिंकलेला आहे. कोणाचंच काही अडलेलं नाही. म्हणून तिघा मित्रांचं म्हणणं, हे चार कॉम्प्युटरवर एका मिनिटात होतील, उरकून टाक, आपण पुढच्या मोसमाची चिठ्ठी काढू.

मला ते जमत नाहीये. कारण सांगतो.

मी ऑगस्ट २००३ मध्ये शिकायला मिशिगनला आलो. १४ तारखेला अख्ख्या डेट्रॉइटची वीज गेली होती, त्याच्या आगेमागेच मी उतरलो. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, २७ तारखेला, खोलीतला मित्र मला कॉमेरिका पार्कला घेऊन गेला. माझा आयुष्यातला पहिला बेसबॉल सामना. टायगर्स ०-८ मागे पडले. आम्ही उठलो. पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत रेडिओवर आवाज वाढायला लागला. टायगर्स ९-८ ने जिंकले. शेवटची धाव जेसी ओरोस्कोच्या वाइल्ड पिचवर, अॅलेक्स सांचेझ घरी पोचला. ओरोस्को तेव्हा ४६ वर्षांचा होता, तो त्याचा शेवटचा सामना ठरला. हे सगळं मी लाल सिग्नलला उभ्या गाडीत ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते ९-४ ने जिंकले आणि १२० ची नामुष्की टळली.

ती खुर्ची सोडायला नको होती. हे बावीसेक वर्षं मनात आहे, आणि आता नेमकी तीच मालिका माझ्या टेबलावर आलीय.

तुम्ही काय कराल?


पेन्सिलक्रिकेट

फाशांनीच. प्रश्नच नाही.

आम्ही शाळेत सहा बाजूंची पेन्सिल घ्यायचो. ब्लेडने प्रत्येक बाजूवर कोरायचं: १, २, ३, ४, ६ आणि आऊट. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही संघांचे अकरा-अकरा. नववा गडी बाद झाल्यावर दोनशे धावा हव्या असल्या तरी शेवटच्या माणसाचा डाव खेळल्याशिवाय पान उलटायचं नाही, असा आमच्या बाकावर नियम होता. पेन्सिल लोळवायचीच.

एक शंका: वाइल्ड पिच म्हणजे काय? वाइडसारखं?


नदीपल्याड

वाइडपेक्षा बाईज जवळचं. पिचरने चेंडू इतका भलतीकडे टाकला की कॅचरला (म्हणजे विकेटकीपरसारख्या खेळाडूला) तो अडवता येत नाही आणि बेसवरचे (धावताना गाठायच्या टप्प्यांवरचे) धावक पुढे सरकतात. तिसऱ्या बेसवर माणूस असेल तर धाव फुकट. तुमचा नियम मला फार आवडला.


अडीच_अक्षरं

मी उलट बाजूने बोलतो, राग नसावा. मी आउट ऑफ द पार्क बेसबॉल या कॉम्प्युटर गेमवरच्या एका ऑनलाइन लीगमध्ये सहा वर्षं संघ चालवतोय. तिथे आठवड्यातून तीनदा कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, कॉम्प्युटरकडून सामने खेळवून घेतो, आपण फक्त आधी लाइनअप आणि डावपेच भरून पाठवायचे. डोळ्यांसमोर एकही चेंडू पडत नाही. तरी त्या निकालांवर माझा जीव असतो. फाशांत जी शक्यता आहे तीच कॉम्प्युटरमध्ये आहे. हाताने टाकलेला सहा आणि यंत्राने काढलेला सहा यांत फरक मानणं ही भावना झाली.

दुसरं, तुमचा संघ ३७ वर असायला नको होता. ५९१ धावा केल्या, ९२८ दिल्या, तर बेसबॉलच्या आकडेवारीवाल्या बिल जेम्सच्या पायथॅगोरियन सूत्राने (केलेल्या-दिलेल्या धावांवरून विजयांचा अंदाज) १६२ पैकी ४७ च्या आसपास विजय निघतात. खरे टायगर्सच ४३ वर अडकले, म्हणजे त्यांचं नशीब थोडं खोटं होतं. तुमचं त्याहून खोटं, नाहीतर मॅनेजर म्हणून काही चुकतंय.


नदीपल्याड

राग कसला, दोन्ही मुद्दे बरोबर आहेत.

चुकतंय ते मला माहीत आहे. या खेळात प्रत्येक पिचर किती इनिंगनंतर थकतो ते कार्डावर असतं. मी सुरुवातीच्या पिचरांना थकल्यावरही ठेवतो, कारण माझी राखीव फळी कच्ची आहे आणि तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. मेपासून ही चूक करतोय. निदान सहा सामने यात गेले.

आणि म्हणूनच कॉम्प्युटर नको. यंत्र फासे माझ्याइतकेच टाकेल, मान्य. पण सातव्या इनिंगला कोणाला उतरवायचं, सांचेझला पुढचा बेस चोरायला (चेंडू मारलेला नसताना पळून गाठायला) सोडायचं की नाही, हे यंत्र ठरवेल. कार्डात खेळाडू असतो, मॅनेजर नसतो. माझ्या वाट्याचं एवढंच काम आहे. फाशांचे ७२ सामने ते वाईट केलं म्हणून शेवटचे चार दुसऱ्याला देऊन टाकायचे, हे पटत नाही.


अडीच_अक्षरं

हे पटलं. फासे हातात घेण्याचा मुद्दा नव्हताच, निर्णय हातात ठेवण्याचा होता. आमच्याकडेही ऑगस्ट उजाडला की तळाचे लोक लाइनअप पाठवणं बंद करतात. वरचा ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू निवडायचा आधीचा नंबर, मिळावा म्हणून काहीजण मुद्दाम हरतात. मग ज्यांची चुरस चालू आहे त्यांचे निकाल बिघडतात, कारण एकाला जागा संघ भेटतो आणि दुसऱ्याला झोपलेला. माझं मत बदलतो. फाशांनी खेळा.


दक्षिणबाजू

मी शिकागोच्या दक्षिण भागात राहते, व्हाइट सॉक्सवाली. मेट्सचा विक्रम खरोखर कोणी मोडला ते इथे माझ्याशिवाय कोण सांगणार.

२०२४, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. आमचे १२० पराभव झालेले, मेट्सशी बरोबरी. घरची शेवटची मालिका एंजल्सशी, २४ ते २६ तारीख. आम्ही मंगळवारी लेकाला घेऊन गेलो. बरेच लोक १२१ वा पराभव बघायला आले होते, ते लपवतही नव्हते. मालकाने संघ विकावा म्हणून स्टँडमध्ये घोषणा चालू होत्या. आठव्या इनिंगपर्यंत आम्ही ०-२ मागे. आणि त्या एका इनिंगला तीन धावा आल्या. ३-२ जिंकलो. जे विक्रम बघायला आले होते तेही उभे राहून ओरडत होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमच्या पुढच्या रांगेतला माणूस पाच मिनिटांपूर्वी घोषणा देत होता, त्याने माझ्या लेकाला टाळी दिली. बुधवारी दहा इनिंगमध्ये ४-३. गुरुवारी ७-०. तिन्ही जिंकले.

शुक्रवारी संघ परगावी गेला आणि तिथे १-४ हरला. तो १२१ वा. गाव कुठलं? डेट्रॉइट. मैदान? कॉमेरिका पार्क. तारीख? २७ सप्टेंबर. त्याच रात्री टायगर्स दहा वर्षांनी प्लेऑफला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांना) पोचले.

तुमच्या शनिवारची तारीख वाचली आणि अंगावर काटा आला. २००३ मध्ये ज्या तारखेला, ज्या मैदानावर टायगर्सनी तो विक्रम दारातून परत पाठवला, त्याच जागी एकवीस वर्षांनी तो आमच्या गळ्यात पडला.

आम्ही ४१-१२१ वर संपलो. तुम्ही चारही जिंकलात तर आमच्या बरोबरीला याल. या.


नदीपल्याड

ताई, तो सामना मी टीव्हीवर पाहिला होता. सगळं गाव प्लेऑफच्या आनंदात होतं, माझं लक्ष मात्र तुमच्या डगआउटकडे जात होतं. तारीख एकच आहे हे मात्र आज तुमच्यामुळे कळलं. दोनदा वाचला प्रतिसाद.


जुनंपुराणं

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. मेट्सबद्दल एक भर. १९६२ हा त्यांचा पहिलाच मोसम, मैदान पोलो ग्राउंड्स, मॅनेजर केसी स्टेंगल, ज्याने त्याआधी यांकीजना सात वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकून दिल्या होत्या. दुसऱ्या वर्षीही मेट्स १११ हरले. आणि १९६९ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकले. टायगर्सचंही तसंच ना काहीसं?


नदीपल्याड

हो, आणखी लवकर. २००६ मध्ये टायगर्स वर्ल्ड सिरीजला गेले, कार्डिनल्सशी हरले. त्या संघात बॉन्डरमन होता, ब्रँडन इंज, क्रेग मन्रो, फर्नांडो रॉडनी, जेमी वॉकर होते. सगळे २००३ चा उन्हाळा काढलेले. इंजचं २००३ चं कार्ड बघितलं तर जीव तुटतो, .२०३ ची सरासरी. पण मला तो पुढे काय होणार आहे ते माहीत असतं, म्हणून मी त्याला बसवत नाही.


पेठेतला

मीच तो ट्विन्सवाला. उरकून टाक म्हणणाऱ्या तिघांत मी नव्हतो हे आधी नमूद करतो. मी गप्प होतो.

धागा रात्री वाचला. ही रेडिओची गोष्ट अडीच वर्षांत तू आम्हाला कधी सांगितली नाहीस. आधी सांगितली असतीस तर प्रश्नच आला नसता.

गुरुवार ते रविवार, तुझ्याकडे रात्री साडेनऊ, माझ्याकडे सकाळी सात. मी चहा घेऊन बसतो. फक्त एक सांगतो. माझी पहिली प्लेऑफ मालिका यांकीजशी आहे, त्यामुळे योहान सांतानाला मी हात लावणार नाही. बाकी टोरी हंटर, शॅनन स्टुअर्ट, मिंटकिविच सगळे खेळतील. खऱ्या ट्विन्सनी त्या मालिकेत बऱ्याच जणांना विश्रांती दिली होती, पण मी तुला ती सवलत देणार नाही. तुला चाललं नसतं.


नदीपल्याड

नसतंच चाललं. ठरलं.


नदीपल्याड

गुरुवारचा निकाल: टायगर्स ४, ट्विन्स ३. आता ३८-१२१.

सहाव्या इनिंगला दिमित्री यंगच्या कार्डावर बॉलपार्क होमरन आलं. म्हणजे चेंडू कुंपणापर्यंत गेलाय, पुढे मैदानाचा आकडा ठरवणार. कॉमेरिकाचं डावं-मधलं कुंपण २००३ च्या आधी ३९५ फुटांवरून ३७० वर आणलं होतं, तरी ते होमरनचं मैदान नव्हे आणि त्याचा आकडा लहानच आहे. विसाचा फासा टाकला, ३ आला. दोन धावा. आणि मी यावेळी पिचर वेळेवर बदलला. सातव्याला जेमी वॉकर, नवव्याला दुसरा. दोघांनी राखलं.


नदीपल्याड

शुक्रवार: ट्विन्स ७, टायगर्स २. ३८-१२२. नेट कॉर्नेहो सुरुवातीपासून मार खात होता. फार सांगण्यासारखं नाही.


दक्षिणबाजू

शनिवारी जाग ठेवा. आम्ही इथेच आहोत.


नदीपल्याड

शनिवारचं नीट लिहितो.

आमच्या लीगचा नियम आहे, कोणत्याही पिचरने त्या वर्षी खरोखर टाकल्या तेवढ्याच इनिंग टाकायच्या. बॉन्डरमनने २००३ मध्ये १६२ टाकल्या. माझ्याकडे त्याच्या पाच उरल्या होत्या. त्या मी या शनिवारसाठी महिनाभर राखून ठेवल्या होत्या. खऱ्या संघाने त्याला विसाव्या पराभवापासून वाचवलं. माझ्या लीगमध्ये त्याचे वीस केव्हाच होऊन गेलेत. त्यामुळे वाचवण्यासारखं काही नव्हतं, खेळवण्यासारखं होतं.

चौथ्या इनिंगअखेर ०-६. टोरी हंटरचे दोन होमरन. कॉलवर शांतता. बाकीचे तिघेही आले होते, न बोलावता. ०-६ झाल्यावर एकजण म्हणाला, "आता उठलास तर बघ." मी उठलो नाही.

पाचवी बॉन्डरमनने कोरी काढली आणि त्याचा मोसम संपला. कार्ड उलटं करून डब्यात ठेवलं. सहाव्याला आमच्या दोन, ट्विन्सच्या आणखी दोन. २-८. आठव्याला कार्लोस पेन्या, मन्सन आणि मन्रो यांच्या कार्डांवर लागोपाठ फासे पडले आणि चार धावा आल्या. ६-८. मला बोटं थंड पडल्यासारखी वाटत होती, खोटं सांगत नाही.

नववी. पेठेतल्याने त्याच्या फळीतून जेसी ओरोस्कोचं कार्ड काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. म्हणाला, "हाच पाहिजे ना तुला?" सांचेझला बेस ऑन बॉल्स, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंवर पहिला बेस फुकट. त्याने दुसरा बेस चोरला. एक आऊट. सिंगल, सांचेझ घरी, ७-८. तो सिंगलवाला पुढच्या आऊटवर दुसऱ्या बेसवर, मग जमिनीवरून आलेल्या एका साध्या चेंडूवर क्षेत्ररक्षकाची चूक झाली आणि तो तिसऱ्यावर पोचला. दोन आऊट, तिसऱ्यावर बरोबरीची धाव, समोर मन्रो.

पहिला फासा ५. म्हणजे ओरोस्कोचं कार्ड. बेरीज ८. ओळ फुटलेली: विसाच्या फाशात ७ पर्यंत आला तर सिंगल, वर आला तर फ्लाय आऊट, म्हणजे झेल.

१२ आला.

७-८. ३८-१२३.

मी बराच वेळ फासे गोळा केले नाहीत. समोर पेठेतलाही हलला नाही. मग त्याने ओरोस्कोचं कार्ड पुन्हा एकदा कॅमेऱ्यासमोर धरलं आणि हळूच ठेवलं. कॉल कोणीच बंद केला नाही. पाऊण तास आम्ही कॉलेजच्या मेसबद्दल बोलत बसलो.


पेन्सिलक्रिकेट

१२ वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला. पण शेवटच्या माणसाचा डाव खेळलात. मानलं.


अडीच_अक्षरं

पाचव्यानंतर पिचर बदललात, आठव्याला बदललात. मेमधले तुम्ही हा सामना ०-१२ हरला असतात. मी माझ्या लीगची आजची लाइनअप पाठवून आलो, आम्ही शेवटून दुसरे आहोत.


दक्षिणबाजू

लेकाला वाचून दाखवलं. तो विचारतोय रविवारी कोण टाकणार.


नदीपल्याड

रविवारी माइक मॅरॉथ. लेकाला सांगा.


नदीपल्याड

रविवार: टायगर्स ३, ट्विन्स १. मोसम ३९-१२३ वर संपला.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. आजवर तिला या टेबलाचं काही विशेष वाटलं नव्हतं, पण काल रात्रीची आमची बोलणी तिने जिन्यावर बसून ऐकली होती. आज येऊन म्हणाली, बाबा, मी टाकू? मॅरॉथचे फासे तिने टाकले. नियम मी दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा तिनेच मला सांगितला. सातएक इनिंगमध्ये मॅरॉथने एक धाव दिली. थकव्याची खूण आल्यावर मी पिचर बदलायला निघालो, तर ती म्हणाली अजून एक बॅटर. मी थांबलो. तो बॅटर आऊट झाला, मग बदलला.

संपल्यावर तिने विचारलं, याने वर्षभरात किती जिंकले? मी म्हटलं, आपल्या टेबलावर सात, खऱ्यात नऊ. तिने वहीत दोन्ही आकडे लिहून घेतले आणि कार्ड डब्यात न ठेवता वहीत ठेवलं.


पेठेतला

ते कार्ड तिच्याकडेच राहू दे. आणि तिला सांग, माझी यांकीजशी मालिका पुढच्या शनिवारपासून आहे, सकाळी सात. यांकीजचे फासे टाकायला माझ्याकडे माणूस नाही.